परिपत्रक चिकटवलं, जबाबदारी संपली?

केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या, पण जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) नसलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला ८,००० रुपये मिळतात. दहा वर्षांहून अधिक काळ हा आकडा जागचा हललेला नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या जेआरएफधारकाला १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० मिळू लागले. मिळायलाच हवेत. पण ८,००० मध्ये मेस, पुस्तकं, झेरॉक्स आणि अभ्यासासाठीचा प्रवास कसा भागवायचा, याचं उत्तर कोण देणार?

वर्ध्यासाठी हा प्रश्न लांबचा नाही. संसदेच्या कायद्यानं १९९७ साली स्थापन झालेलं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आपल्याच गावच्या टेकडीवर आहे. केंद्रीय विद्यापीठ म्हटलं की पैसा दिल्लीचा आणि नियमही दिल्लीचे. हे नियम गेल्या काही वर्षांत भराभर बदलले. २०२२ मध्ये पदवी प्रवेशाला सीयूईटी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यूजीसीच्या नव्या नियमांनी एम.फिल. मोडीत निघाली. डिसेंबरमध्ये अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. २०२४ मध्ये पीएच.डी.चा प्रवेश नेटच्या गुणांवर नेण्याचं ठरलं. मग १८ जूनला नेट झाली आणि १९ जूनला ती रद्दही झाली. नऊ लाखांहून अधिक मुलांना पुन्हा अभ्यासाला बसावं लागलं.

यातलं कोणतं धोरण बरोबर आणि कोणतं चूक, यावर वाद होत राहील, व्हायलाही हवा. पण वाद मिटेपर्यंत आर्वीच्या नाहीतर समुद्रपूरच्या शेतकऱ्याची मुलगी थांबू शकत नाही. तिच्या हातात अर्ज आहे, तारीख जवळ आली आहे आणि घरी सोयाबीनचे पैसे अजून यायचे आहेत. तिच्यासाठी दिल्ली म्हणजे एक संकेतस्थळ. तिला समोरासमोर भेटेल असं सरकार एकच: विद्यापीठाची खिडकी. त्या खिडकीतून ‘वरून आदेश आहे’ एवढंच ऐकू येणार असेल, तर तिथे माणूस कशाला बसवायचा? परिपत्रक फलकावर चिकटवायला शिपाई पुरतो.

‘आमच्या हातात काही नाही’ ही सबबही चालणार नाही. २०२४ मध्ये यूजीसीनंच सांगितलं की सीयूईटीनंतरही जागा रिकाम्या राहिल्या तर विद्यापीठानं स्वतःची परीक्षा घेऊन किंवा आधीच्या परीक्षेच्या गुणांवर त्या भराव्यात. म्हणजे वाट आहे. ती शोधायची, गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत मराठीतून पोचवायची आणि अर्ज भरून घ्यायचे, हे विद्यापीठाचं काम. परीक्षा रद्द झाली तर वसतिगृहाची मुदत वाढवणं, फेलोशिपचा हप्ता रखडला तर मेसचं बिल थांबवणं, बंद झालेल्या योजनेतल्या मुलाला दुसरी कोणती लागू पडते ते बसून पाहणं, यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. लागते ती इच्छा.

इच्छा असली की काय होतं, ते आठ किलोमीटरवर सेवाग्रामात दिसतं. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. निम्मा खर्च केंद्राचा, पाव राज्याचा, पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. तिच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे. नीट आली आणि तो पेपर गेला. संस्थेची स्वतःची चाळणी संपली. पण नव्या तुकडीनं आधी आश्रमात पंधरा दिवस राहायचं, श्रमदान आणि प्रार्थनेत सामील व्हायचं, मग एक गाव दत्तक घेऊन तिथली घरं वाटून घ्यायची आणि पुढे त्या घरांची तब्येत सांभाळत राहायचं, ही रीत संस्थेनं चालू ठेवली. आत कोण येणार ते दिल्लीनं ठरवलं. आलेल्याला कसं घडवायचं, हे सेवाग्रामनं आपल्याकडे ठेवलं.

दुसरा धडाही वर्ध्याचाच आहे, आणि तो कडू आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हिंदी विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी झुंडबळी आणि इतर प्रश्नांवर पंतप्रधानांना पत्रं लिहायचं ठरवलं, आवारात धरणं धरलं. विद्यापीठानं निवडणूक आचारसंहितेचं कारण देऊन सहा जणांना काढून टाकलं. काही दिवसांतच आदेश मागे घ्यावा लागला. तो मागे घेतला, हे योग्यच झालं. पण दिल्लीचा कागद विद्यार्थ्यापर्यंत पोचवणारं विद्यापीठ विद्यार्थ्याचं पत्र दिल्लीपर्यंत जाताना आडवं आलं, हे विसरता येत नाही.

२०१५ मध्ये यूजीसीनं हे ८,००० रुपयेसुद्धा बंद करायचं ठरवलं होतं. देशभर मुलं रस्त्यावर उतरली, दिल्लीत यूजीसीच्या दारात बसली, तेव्हा कुठे ते टिकले. मुलांनी आपला वाटा उचलला आहे. आता कुलगुरूंनी आणि विद्वत परिषदेनं उचलावा. ८,००० चा आकडा वाढवा, असा ठराव करा आणि मंत्रालयाला पाठवा. त्याखाली पहिली सही कुलगुरूंची असू द्या.