थोर संख्येचे चरित्र कसे लिहावे

संख्येचे गुणगान करायचे तर ती आधी पुरेशी मोठी निवडावी. ऐकणारा कागद-पेन्सिल शोधायला उठणार नाही, एवढी. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ सोयीची आहे. मग ‘लीलावती’ला साक्षीला बोलवावे. भास्कराचार्यांची स्थानांची यादी परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर थांबते. आपल्या संख्येत असे १४७५ परार्ध बसतात, वर सुटे उरतातच. एवढ्यावर अर्धी सभा खिशात. उरलेल्या अर्ध्या सभेसाठी अंकांची बेरीज करावी. ती १०९ येते, आणि १०९ ही मूळ संख्या आहे! उद्गारचिन्ह विसरू नये. ‘बरं, मग?’ असे कुणी विचारलेच तर गूढ हसावे.

हसू ओसरले की मात्र कबूल करावे लागते, की ही सगळी स्तुती अंगरख्याची झाली. अंकांची बेरीज हा दशमान लेखनाचा गुण आहे. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की ओळीने ६७ एक येतात आणि १०९ कुठल्या कुठे जाते. (६७ हीसुद्धा मूळ संख्या आहे, पण हे गुणगायकांच्या कानावर घालू नये, ते पुन्हा सुरू होतील.) खरे चरित्र इथून सुरू होते, कारण ६७ एक म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १. ही संख्या मूळ आहे, असे फ्रेंच गणितज्ञ मेर्सेनने १६४४ मध्ये सांगितले. ती मूळ नाही, हे गणितज्ञ लुकासने १८७६ मध्ये सिद्ध केले, आणि तेही तिचा एकही अवयव न दाखवता. भाग जातो हे ठाऊक, कशाने जातो ते नाही! १९०३ मध्ये न्यू यॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले, चकार शब्द न काढता १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार करून खाली बसले, आणि सभेने टाळ्या वाजवल्या, असे सांगतात. या दोन्ही अवयवांना १३४ ने भागले की बाकी १ उरते. हा योगायोग नव्हे. घातांक ६७ असल्यामुळे प्रत्येक मूळ अवयवाला तसे असावेच लागते. संख्या कुठल्याही पद्धतीत लिहा, हा गुण जागचा हलत नाही.

यावर आक्षेप येणार: मग अंकांचे खेळ सगळे फोलच का? इंग्रज गणितज्ञ हार्डीने १९४० मध्ये जवळपास तसेच म्हटले. ८७१२ ही २१७८ ची चौपट, म्हणजे उलट क्रमाने तेच अंक; यात गणितज्ञाला भावेल असे काही नाही, हा त्याचा निकाल. निम्मे मान्य. पण देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना त्याच मापाने मोजणे अन्यायाचे. त्यांचा खेळ असा: चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आणि उत्तरावर तेच पुन्हा करत राहा. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते. हेही दशमानाचेच लेणे, कबूल. परंतु इथे ‘बरं, मग?’ विचारणाऱ्याकडे बघून गूढ हसावे लागत नाही, त्याला लगेच कामाला लावता येते. तीन अंकांना ४९५ का? आणि पाच अंकांना असा एकही मुक्काम का नाही, ते चक्रात अडकून फिरतच का राहतात?