पहिल्यांदाच आलात ना?

टेक्सासमधल्या लॉकहार्टला बार्बेक्यू खायला जा, रांगेत तुमच्या पुढे तो असतोच. साठी उलटलेली, डोक्यावर हॅट, पोटाखाली घसरलेला पट्टा आणि त्यावर भलंमोठं बक्कल. तुम्ही काहीही विचारलेलं नसतं. तरी तो वळून म्हणतो, "पहिल्यांदाच आलात ना?" हा प्रश्न नसतो, निदान असतं.

ऑस्टिनच्या दक्षिणेला तासाभराच्या आत असलेलं हे गाव. टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ साली ठराव करून याला बार्बेक्यूची राजधानी म्हटलं. त्याच्या लेखी ही दिरंगाई आहे. "क्राइट्स मार्केट १९०० पासून इथं आहे. सरकारला कळायला नव्व्याण्णव वर्षं लागली!"

त्याचं बहुतेक ज्ञान नकारार्थी. काटा मागायचा नाही. बशी मागायची नाही. जर्मन खाटकांची ही दुकानं; उरलेलं मांस ते धुरावर टिकवत आणि शेतमजूर ते कागदावर घेऊन तिथंच उभ्याने खात. तो कागद आजही आहे. सोबत पांढरा पाव, कांदा, लोणच्याची काकडी. आणि सॉस? सॉसचा शब्द काढलात तर तो तुमच्याकडे असं बघतो की आपण काय पाप केलं ते आठवू लागतं. "मांसात काय लपवायचंय?"

माझ्याबरोबरचे गृहस्थ शाकाहारी. त्यांनी ते भीतभीत सांगितलं. त्याने मनापासून सहानुभूती दाखवली आणि म्हणाला, "मग टर्की घ्या की."

ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या छातीचं मांस. मीठ, मिरी आणि पोस्ट ओकचा धूर, बास. रात्रभर भट्टीजवळ राखण. मध्येच आतलं तापमान चढायचं थांबतं, कारण सुटणाऱ्या ओलाव्याची वाफ मांसाला गार करत राहते. तासन्‌तास काटा हलत नाही. हे तो दहावीला अडकलेल्या पोराबद्दल बापाने बोलावं तशा स्वरात सांगतो. "धीर धरायचा. निघतो तो पुढे." काप बोटावर आडवा टाकून दाखवतो: वाकला पाहिजे, तुटता कामा नये, हलकं ओढलं की मात्र सुटला पाहिजे. मग परीक्षेचा तो काप स्वतःच खातो.

गावातल्या भाऊबंदकीबद्दल आपण तटस्थ आहोत, असं तो आधीच बजावतो. क्राइट्सच्या मालकाच्या मुलामुलींत जमलं नाही. १९९९ मध्ये भावाने दुकान नव्या इमारतीत नेलं, जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत. बहिणीने जुनी वास्तू ठेवली आणि तिथं स्मिटीज सुरू केलं. आम्ही स्मिटीजच्याच रांगेत होतो, पायाशी जमिनीवर उघडा जाळ. एवढं सांगून तटस्थ माणूस बराच वेळ फक्त बहिणीच्या बाजूने बोलला.

मासिकवाले ठराविक वर्षांनी उत्तम पन्नास दुकानांची यादी काढतात, त्यावर त्याचा विश्वास नाही. यादी आली की रांग वाढते. लेक्सिंग्टनच्या स्नोज्‌ला २००८ साली पहिला नंबर मिळाला. ते फक्त शनिवारी उघडतं, तर लोक पहाटेपासून खुर्च्या टाकून बसतात. "वेडे आहेत," तो म्हणाला. कुणाची खुर्ची पहिली असते, ते मात्र त्याला पाठ होतं.

आमचा नंबर जवळ आला तेव्हा त्याला आमच्याबद्दल कुतूहल वाटलं.

"तुमच्याकडे आगीवर काय करता?"

"वांगं भाजतो. भरीत करायला."

"अच्छा!" तो पहिल्यांदाच माझं नीट ऐकत होता. "किती तास?"

"तास नाही. वीसेक मिनिटं."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बिचारं," तो म्हणाला. वांगं की मी, ते कळायच्या आत काउंटरवरच्या बाईने "पुढचे?" म्हटलं.