मढी उठल्यावर सुरतेहून तांडा कसा हाकावा

जगबुडीसाठी मराठी माणसाची योजना एकच, आणि तीही पिढ्यानपिढ्या ठरलेली: गडावर जायचं. पाणी चढलं तर गडावर, परचक्र आलं तर गडावर, आणि उद्या मढी उठून रस्त्याने चालू लागली तरी गडावरच. ‘झोंबिवली’ या चित्रपटाने २०२२ साली मढ्यांना डोंबिवलीपर्यंत आणून सोडलं, तेव्हापासून तर या योजनेला नवा जोर चढला आहे. दर रविवारी महागडे बूट घालून राजगड-तोरणा करणारा, खिशात शिट्टी आणि पाठीवर दोरखंड बाळगणारा जो वर्ग आहे, त्याने कोणत्या बुरुजावर कोण झोपणार इथपर्यंत वाटणी करून ठेवलेली असते. वर चढल्यावर खायचं काय, एवढा एकच प्रश्न त्या वाटणीत नसतो. प्रस्तुत मार्गदर्शनाची सुरुवात त्या प्रश्नापासून होते. आमचं प्रतिपादन असं की मढ्यांच्या राज्यात बसणारा संपतो आणि माल घेऊन फिरणारा टिकतो. फिरायचंच तर निघावं सुरतेहून. आणि ज्यांना हे पटणार नाही त्यांनी खुशाल गडावर जावं. तांडा हंगामात एकदा मीठ घेऊन पायथ्याशी येईल. भाव मात्र तांड्याचा.

आधी शत्रूची शास्त्रशुद्ध ओळख. मराठी भुतं पत्ता धरून राहतात. मुंजा पिंपळावर, वेताळ गावाच्या शिवेवर, हडळ विहिरीपाशी, समंध आपल्या पुरलेल्या धनावर. शिवाय प्रत्येकाची काही ना काही मागणी असते, म्हणजे व्यवहाराला जागा असते: नारळ, दहीभात, फार तर कोंबडं. जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने १९६८ साली पडद्यावर चालवलेल्या मढ्याला यातलं काहीच लागू नाही. त्याला पत्ता नाही, त्याची कसली इच्छा अपुरी राहिलेली नाही, आणि नारळाचं त्याला सोयरसुतक नाही. भुताची जागा टाळली की भूत टळतं. मढ्याचा तसा भरवसा नाही. उलट एका जागी चूल रोज पेटत राहिली, माणसांचा आवाज येत राहिला, की खळग्यात पावसाचं पाणी साचावं तशी ती साचत जातात. गड म्हणजे असाच खळगा, फक्त उंचावरचा. आणि गड पडतो कसा, हे गडप्रेमींना आम्ही सांगायला नको; तोफेपुढे न झुकलेले कितीतरी गड भुकेपुढे आणि फितुरीपुढे झुकले. सुरतेचंच उदाहरण घ्या. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज शहरात शिरली तेव्हा मुघलांचा तिथला अंमलदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला वाचला, खानही वाचला. खाली शहर लुटलं जात होतं आणि जळत होतं. किल्ला कोणाला वाचवण्यासाठी असतो, याचं इतकं स्वच्छ उत्तर इतिहास फार वेळा देत नाही.

आता तांड्याच्या बाजूचा पुरावा. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खनेत जो दुष्काळ पडला त्याच्यापुढे आजच्या कोणत्याही मढ्यांच्या चित्रपटाने हात टेकावेत. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी त्या काळात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला, आणि वाटेवरची प्रेतं, ओस गावं त्याने लिहून ठेवली. त्याच्याच प्रवासवर्णनात पुढे एक बंजारा तांडा भेटतो: १४,००० बैल, सगळे धान्याने लादलेले. अशा तांड्यात सहा-सातशे माणसं असत. बायका, पोरं, सगळा संसार बरोबर. बैल त्यांचेच. कधी व्यापाऱ्याचं भाडं घेत, पण बहुतेक वेळा व्यापारी तेच; जिथे स्वस्त तिथे घ्यायचं, जिथे महाग तिथे विकायचं, आणि रिकाम्या पाठीने परतायचं नाही. एका बैलावर सव्वा क्विंटल धरलं तरी हे साडेसतरा हजार क्विंटल होतात, म्हणजे दहा टनी ट्रक पावणेदोनशे. डिझेल शून्य. शिवाय अडचणीच्या प्रसंगी ट्रक खाता येत नाही. (बैल खाण्याबद्दल आम्ही काही सुचवत नाही. बंजारा आपल्या बैलाला पोरासारखं वागवतो. त्याच्यासमोर असा विषय काढणाऱ्याला मढ्यांची गरज पडणार नाही.)

यावर चाणाक्ष वाचक हिशेब मांडून आक्षेप घेईल. मंडीचे तांडे दिवसाला सहा-सात मैल चालत, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. मढं ताशी दीड किलोमीटरने सरकलं तरी ते झोपत नाही, जेवणाची सुट्टी घेत नाही. चोवीस तासांत छत्तीस किलोमीटर. तांडा गाठला जाणारच! हिशेब बरोबर आहे, गृहीतक चुकलं. मढं चालतं, पण कुठे जात नाही. ज्याला पोचायचंच नाही त्याच्या वेगाला अर्थ नसतो. लग्नाच्या वरातीत सगळे तीन तास चालत असतात, तरी वरात गल्लीतच असते. तांड्याला मात्र पाणी कुठे, चारा कुठे, पुढचा बाजार कधीचा हे ठाऊक असतं. हे ठाऊक असणं हेच नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं, काम. नायक निवडताना दंड बघू नयेत, स्मरणशक्ती बघावी. कुत्री भरपूर पाळावीत. नायकाच्या मेहुण्याला हिशेब देऊ नये.

हत्यारांविषयी एक परिच्छेद लिहिण्याची प्रथा आहे, म्हणून हा. मुघल वजीर आसफखानाने बंजाऱ्यांना पाणी, छपराचं गवत आणि दिवसाला तीन खून माफ केल्याची सनद दिली, अशी एक आख्यायिका सांगतात. मढ्यांच्या काळात हा आकडा अपुरा वाटेल, पण तिचा क्रम लक्षात घ्यावा: आधी पाणी, मग गवत, खून शेवटी. तांड्याचं खरं हत्यार म्हणजे तो सगळ्यांना हवा असणं. मुघल फौजांना बंजाऱ्यांनी धान्य पुरवलं. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून आला तेव्हा त्याच्याही फौजेच्या पोटाची भिस्त याच बैलांवर होती. ज्याच्यावाचून चूल पेटत नाही त्याला मारण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. मढं एकदाही करत नाही, हे मान्य. त्यासाठीच कुत्री.

माल कोणता लादावा याबाबत सुरतेसारखी जागा नाही. पहिलं मीठ. या किनाऱ्यावर मिठाचं मोल काय असतं हे ज्याला सांगावं लागेल त्याने १९३० ची दांडी आठवावी. ती इथून लांब नाही. दुसरं कापड. सुरतेच्या रिंगरोडवरच्या बाजारात गठ्ठ्यांनी पडलेली कृत्रिम धाग्याची साडी ही संस्कृतीच्या अंतानंतरची आदर्श वस्तू आहे. ती कुजत नाही, आटत नाही, चटकन वाळते, दोरासारखी पिळता येते; तिचा पाळणा होतो, झोळी होते, तंबू होतो. सुती साडीची आणि पैठणीची थोरवी गाणाऱ्यांनी इथे कृपया गप्प बसावं. परतीला नंदुरबारची मिरची, खानदेशची ज्वारी आणि डाळ. केळी घेऊ नयेत. जळगावकरांच्या भावना दुखावतील, पण दिवसाला दहा किलोमीटरने केळ्याचं काय होतं ते बघायलाही नको. हिरे घ्यावेत का? घ्यावेत, वजन नाही म्हणून. पण त्यांच्या बदल्यात भाकरी मिळेल या आशेवर राहू नये.

यापुढचा आक्षेप खरा आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. फिरणारा माणूस रोगही फिरवतो. सुरतेने हे पाहिलं आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहराबाहेर पडले. त्यांतले कितीतरी शहराच्या उधना-लिंबायत भागातले आपले खानदेशी लोक होते, गावाकडे निघालेले. पळणाऱ्यांत डॉक्टरही होते. देशभरात मृत्यू पन्नाससाठच होते, औषध उपलब्ध होतं, पण भीतीवर टेट्रासायक्लीन चालत नाही. मग तांडा आणि पळणारी गर्दी यांत फरक काय? गर्दी घरात शिरते, तांडा शिवेवर थांबतो. बंजारा गावाबाहेर मोकळ्यावर उतरत आला. माल शिवेवर, मोजमाप शिवेवर, आणि निरोपही शिवेवरच. गावाने याला त्याचं हलकेपण समजलं, इंग्रजांनी तर गुन्हेगार जमातींच्या कायद्यात त्याचं नाव घातलं; प्रत्यक्षात साथीच्या दिवसांत दोघांचाही जीव वाचवणारी याहून साधी रीत सुचणं अवघड आहे. सुरतेने मात्र दुसरा उपाय केला: १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि शहराने कचरा उचलायला सुरुवात केली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर पहिली आली. म्हणजे मढी उठली तर तीही ओल्या-सुक्यात वेगळी करून नेली जातील अशी आशा करायला जागा आहे.

आणि आता मूळ दुखणं. गडप्रेमी म्हणेल, व्यापार कशाला? मीठ आणि साड्या सुरतेत पडलेल्याच आहेत. आपण सुरत लुटू. सुरत म्हटलं की आपल्याला हे एकच क्रियापद आठवतं. त्याने सुरतेच्या वीरजी व्होरा या व्यापाऱ्याचं नाव ऐकलेलं असतं ते त्याची वखार लुटली म्हणून. ती वखार भरली कशी, हुंडीच्या एका कागदावर दूरच्या पेठेत पैसे कसे मिळत, हे विचारावंसं त्याला वाटत नाही. लूट एकदा होते, १६६४ ला झाली. दुसऱ्यांदा होते, १६७० ला झाली. तिसऱ्या खेपेपर्यंत व्यापारी हललेला असतो. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपलं मुख्य ठाणं मुंबईला नेलं. त्यामागे कारणं अनेक होती, पण लुटल्या जाणाऱ्या गावात राहण्याची हौस हे त्यांतलं नव्हतं. शिवाय ज्या महाराजांचं नाव घेऊन हा बेत आखला जातो ते गडावर बसून राहिले नव्हते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना लादलेला ऐवज पुढे काढून वणी-दिंडोरीला त्यांनी मुघलांना अडवलं. म्हणजे भरलेला तांडा सुखरूप घरी नेण्याचा हा आमच्या माहितीतला सर्वांत अवघड धडा, आणि तो गडावर नाही, वाटेवर घडला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडांवर प्रकरण आहे तसं सावकारांवरही आहे. गडाचं पाठ आणि सावकाराचं कोरं, अशी वाचायची ही कुठली पद्धत? सुरतेच्या महिधरपुऱ्यात रस्त्यावर उभं राहून कागदाच्या पुडीतले हिरे दुसऱ्याच्या हातावर ठेवणारा माणूस, ती पुडी कमरेला बांधून मुंबईला नेणारा आंगडिया, यांना आपण भित्रे म्हणून हसतो. मढ्यांनी भरलेल्या रस्त्यावर अनोळखी माणसाच्या शब्दावर माल सोडायला लागणारी छाती बुरुजावर उभं राहून येत नाही.

मार्ग: बारडोली, नवापूर, नंदुरबार, आणि तिथून तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूर, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, बैलांना विसाव्याचे दिवस धरून सव्वा महिना. नवापूरचं स्टेशन निम्मं गुजरातेत आणि निम्मं महाराष्ट्रात आहे, त्यामुळे तिथे मढ्यांची जबाबदारी कोणत्या सरकारची यावर वाद चालू असेल. तेवढ्यात पुढे सटकावं. पावसाळ्यात हलू नये, बैल चिखलात रुततात. निघण्याची तिथी कोजागरीनंतरची धरावी, पण दुसऱ्या दिवशीची नको. त्या दिवशी सुरतेत चंदी पडवो असतो आणि सगळं शहर घारी ही तुपातली मिठाई खातं. मढी दाराशी आली तरी सुरती माणूस ताट सोडून उठणार नाही. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, अशी जुनी म्हण आहे. काशीचं मरण आता खात्रीचं राहिलं नाही. तेव्हा घारी खावी, तूप निवेपर्यंत थांबावं, आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बैल लादावेत.