पिवळी वही आणि मुक्त ज्ञान

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयात ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ या विषयावर एकदिवसीय कार्यशाळा झाली. विषय विद्यापीठाच्या पत्रातून आला होता, त्यामुळे तो महत्त्वाचा आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती तो नेमका काय आहे याबद्दल. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, प्राचार्यांनी प्रास्ताविकात ‘काळाची गरज’ चार वेळा म्हटलं आणि साधनव्यक्ती उभे राहिले.

माणूस अभ्यासू होता. २००१ साली एमआयटीनं आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट ठेवायचं जाहीर केलं, २००२ साली पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत या प्रकाराला नाव मिळालं, २०१९ साली युनेस्कोनं सर्व देशांसाठी शिफारसच मंजूर केली, असं सगळं त्यांनी सांगितलं. कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं; फक्त मूळ कर्त्याचं नाव ठेवावं. ज्ञान अडवलं की सडतं, असंही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतल्या एका मॅडमनी विचारलं, “सर, तुमची पीपीटी मिळेल का?”

साधनव्यक्ती हसले. म्हणाले, “पीपीटी नाही देता येणार. त्यात माझी बरीच मेहनत आहे.”

त्या क्षणी सभागृहात जो जिव्हाळा पसरला, तो दिवसभरात दुसऱ्या कशानं पसरला नाही. माणूस आपल्यातलाच निघाला.

आता स्वतःबद्दल सांगतो. मी एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतो आणि मुक्त साधनांचा जुना लाभार्थी आहे. रात्री अकरा वाजता मराठी विश्वकोशाची नोंद उघडायची, ई-पीजी पाठशालेचं एखादं मॉड्यूल चाळायचं, युट्यूबवर एखाद्या आयआयटीच्या सरांचं एनपीटीईएलचं व्याख्यान दीडपट वेगानं ऐकायचं आणि सकाळी पहिल्या तासाला “घ्या लिहून” म्हणायचं. एनपीटीईएल २००३ पासून आहे, ‘स्वयम्’ २०१७ पासून. दोघांचाही मी ऋणी आहे. हे ऋण मी वर्गात कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच. मुलांचं लक्ष विचलित होतं.

घेताना आपला नियम ‘फुकट ते पौष्टिक’ हा असतो. देताना दर्जा आठवतो. कार्यशाळेनंतर स्टाफरूममध्ये आमच्या विभागप्रमुखांनी ठाम मत दिलं की नेटवरच्या मटेरियलला दर्जा नसतो. समोर गाइड उघडं ठेवून त्या वेळी ते पेपर सेट करत होते. शिवाय आपल्या परंपरेत विद्या पात्र शिष्यालाच देतात, असंही ते म्हणाले. मी गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही. म्हटलं, सर, १२९० साली नेवाशाला बसून एका मुलानं गीता मराठीत आणून कुणालाही ऐकता येईल अशी ठेवली, तेव्हा पात्रतेचा फॉर्म भरून घेतला नव्हता. पुढे तीनेकशे वर्षांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडला, तर १५८४ साली एकनाथांनी बसून शुद्ध प्रत केली. म्हणजे सुधारित आवृत्तीही झाली, तीही कुणाची परवानगी न काढता. सर म्हणाले, “पण नाथांनी त्यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी तंबी दिली होती ना?” हे मात्र खरं आहे. आजच्या भाषेत त्याला ‘वाटा, पण बदलू नका’ असा परवाना म्हणतात. सरांना एवढाच भाग पाठ होता.

मग विषय स्वामित्व हक्कावर गेला. कॉपीराइट म्हटलं की प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर सातबारा म्हटल्यावर येते ती छटा येते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला, तो आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून पाहिला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अध्यापनासाठीच्या अशा प्रतींच्या बाजूनं निकाल दिला, २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. स्टाफरूममध्ये पेढे वाटायचं तेवढं राहिलं. ज्ञान जिंकलं, असं मी स्वतः म्हणालो. त्याच सुमारास एका मुलानं माझ्या नोट्सची झेरॉक्स काढून चाळीस जणांना वाटल्याचं कळलं. त्याला केबिनमध्ये बोलावून मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

त्या नोट्स म्हणजे माझी पिवळी वही. तिची वंशावळ सांगायला हवी. ती मी माझ्या सरांच्या वहीवरून उतरवली. सरांनी ती पुण्यातल्या एका क्रमिक पुस्तकावरून काढली होती. त्या पुस्तकाच्या लेखकांनी एक इंग्रजी पुस्तक समोर ठेवलं होतं आणि प्रस्तावनेत त्याचा उल्लेख करायचा राहून गेला होता. म्हणजे तीन पिढ्या बदल करून, वाटून, पुन्हा वापरून हे साहित्य माझ्यापर्यंत पोचलं. मुक्त शैक्षणिक संसाधनाचं याहून चांगलं उदाहरण युनेस्कोला मिळायचं नाही. अट फक्त एकच मोडली, मूळ कर्त्याचं नाव ठेवण्याची.

आर्थिक प्रोत्साहन नाही म्हणून प्राध्यापक मागे राहतात, असं कुणी म्हणेल. तेही पुरतं खरं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीच्या गुणांचा तक्ता आहे. राष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला दहा गुण, आणि पूर्ण अभ्यासक्रमाचं ई-साहित्य ठरवून दिलेल्या चारही भागांसह केलं तर बारा. ते साहित्य मुक्त परवान्यानं ठेवल्याबद्दल वेगळा रकाना नाही, पण बारा म्हणजे दहापेक्षा दोन जास्तच. तरी आमची मंडळी पुस्तकाकडे का वळतात? कारण पुस्तक कुणी वाचत नाही. प्रकाशक स्टाफरूममध्ये येतो, लेखकाकडून पैसे घेतो, मोजक्या प्रती छापतो. आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो, प्रकाशक त्याचेही पैसे लावतो. पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात जातं आणि चुका त्याच्याबरोबर सुखानं झोपतात. ई-साहित्य मात्र लोक बघतात. गडचिरोलीतला एखादा मुलगा खाली लिहितो, “सर, दुसऱ्या स्लाइडवरचा आलेख उलटा आहे.” एवढी जोखीम दोन गुणांसाठी कोण घेईल?

घेते एक. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मुलगी आहे; आम्ही तिला तोंडावर मॅडम म्हणतो, मागे ‘सीएचबी’. ती घरी फोन उभा करून मराठीतून सूक्ष्म अर्थशास्त्राचे तास ध्वनिचित्रित करते, खाली कुठून काय घेतलं ते लिहिते आणि कुणीही वापरा म्हणून परवाना लावते. दुसऱ्या जिल्ह्यांतली मुलं तिला शंका विचारतात. आमचीही विचारतात, पण ते माझ्यापर्यंत उशिरा आलं. स्टाफरूममध्ये यावर एकमत आहे की तिला काय, तिच्याकडे गमावण्यासारखं काही नाही. बरोबर आहे. तिला तासाचे पैसे मिळतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाहीत. तक्त्यातले बारा गुण पदोन्नतीसाठी असतात, आणि पदोन्नतीसाठी आधी पद लागतं. तिचा व्हिडिओ मी मागणीच्या लवचिकतेसाठी दोनदा वापरला आहे. छान समजावते.

कार्यशाळेचं फलित म्हणून प्रत्येक विभागानं निदान एका पेपरच्या नोट्स महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मुक्त परवान्यानं ठेवाव्यात असं ठरलं. ग्रंथपाल मॅडमनी फॉर्म दिला. त्यात एक ओळ आहे: ‘हे साहित्य माझं स्वतःचं आहे, इतरांकडून घेतलेल्या भागाचा उल्लेख केला आहे.’ खाली सही. मी वही काढून बसलो. पहिल्या पानापासून उल्लेख करायचे म्हटलं तर माझ्या वाट्याला समास आणि पृष्ठक्रमांक येतात. सतराव्या पानावर नियोजन आयोग आठवी पंचवार्षिक योजना राबवत आहे. ती १९९७ साली संपली. आयोग गेला, त्याच्या जागी १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. माझ्या वर्गात ही बातमी अजून पोचलेली नाही, कारण वहीत जागा नव्हती.

फॉर्मची मुदत दोनदा वाढली आहे. ग्रंथपाल मॅडम जिन्यात भेटल्या की मी मोबाइल कानाला लावतो. म्हणून वाचकांना विनंती, कुणाकडे नीती आयोगावर तयार नोट्स असतील तर पाठवाव्यात. शक्यतो वर्डमध्ये पाठवा, पीडीएफमधून मराठी नीट कॉपी होत नाही.