घाटात रेंज नसते

सकाळी नाशिक रोडला पंचवटी एक्स्प्रेस लागते तेव्हा बायकांच्या डब्यात चढणाऱ्या निम्म्या जणींचे केस ओले असतात आणि उरलेल्यांनी वेणी देवळालीवर ढकललेली असते. मी दुसऱ्या गटातली. कंगवा पर्समध्ये डब्याला खेटून असतो, त्यामुळे माझ्या पोळीला खोबरेल तेलाचा वास येतो. कुणी नाक मुरडलंच तर मी ती केरळी पद्धत म्हणून खपवते.

ही गाडी १९७५ पासून धावते आहे. नाशिक रोड ते सीएसएमटी १८७ किलोमीटर. ‘रोज एवढं कसं जमतं हो?’ असं लोक हळहळून विचारतात. हळहळ मी मुकाट्याने पदरात पाडून घेते. या प्रवासात ‘आई, माझं ते कुठाय?’ म्हणत कुणी समोर येऊन उभं राहू शकत नाही, हे त्यांना कशाला सांगा!

समोर नाही, तरी फोनवर येतातच. देवळालीला मुलाचे मोजे हरवतात. लहवितला सासूबाईंना आठवतं की दूधवाला आलाच नाही. घोटीला शाळेच्या ग्रुपवर सूचना उगवते : ‘उद्या सर्व विद्यार्थ्यांनी फळ अथवा भाजी होऊन यावे.’ उद्या! शाळांना भाजीचा साक्षात्कार नेहमी आदल्या दिवशीच का होतो, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

“घरात काय रंगाचा टी-शर्ट आहे?” निफाडच्या मावशींनी मटार सोलता सोलता विचारलं. डब्यातल्या सगळ्या संकटांवर पहिला हक्क त्यांचा.

“लाल.”

“मग टोमॅटो. देठ मी विणते. लोकर काढ.”

लोकर माझ्याकडे असतेच. पोरगं बालवाडीत असताना मी त्याच्यासाठी हिरवा स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, एक बाही झाली. आता तो चौथीत आहे आणि ती बाही त्याच्या कोपराच्या वर सरकत नाही. तरी तो स्वेटर रोज माझ्याबरोबर मुंबईला जातो आणि रोज परत येतो. पास तेवढा काढायचा राहिलाय. मावशींनी बाहीचं टोक ओढलं आणि सरळ उसवायला घेतलं. माझ्या तोंडून ‘अहो!’ निघालं खरं, पण आतून सुटल्यासारखं वाटलं.

इगतपुरीला गाडी थांबली. उतरणीआधी ब्रेक तपासतात. पुढे थळ घाट, म्हणजे आपला कसाऱ्याचा. १८६५ साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग सदतिसात एक अशा चढाचा आहे. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली. इंग्रजांनी डोंगर पोखरून बोगदे काढले ते व्यापारासाठी, असं इतिहासाच्या पुस्तकात असतं. आमच्या डब्याचं मत वेगळं आहे. पहिला बोगदा आला की रेंज जाते. ‘अगं, तो गॅसवाला...’ एवढ्यावर नवऱ्याचा आवाज तुटतो आणि डब्यात एकदम जान येते. एक जण भजनाची चाल बसवते, एक जण नखं रंगवते आणि गाडीच्या हेलकाव्याने बोटंही. बँकेतल्या ताई तोंड उघडं टाकून घोरतात. झोप छंदात धरावी की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत. ताई दोन्ही तटांत झोपतात.

कसाऱ्याला देठ तयार होता. पाच पानांचा आणि इतका ऐटबाज, की टोमॅटोलाच न्यूनगंड यावा.

संध्याकाळी परतीला तोच घाट चढायचा असतो. कसाऱ्याला गाडीमागे ढकलायला बँकर इंजिनं लागतात. गाडी उभी, म्हणजे रेंज पुरेपूर. नवऱ्याने नेमका तेव्हाच फोन केला. पलीकडे कुकर ऐकू येत होता.

“राजम्याला शिट्ट्या किती?”

त्याच क्षणी शेजारच्या चिमुरडीने माझी ओढणी ओढली. “मावशी, मागे किती इंजिनं लागली?”

“तीन,” मी म्हणाले. गाडीला मागून धक्का बसला, आणि थोड्याच वेळात बोगदा.

घरी पोचले तेव्हा राजमा ताटात टणटण वाजत होता. मुलाने माझ्या पर्समधला देठ काढून डोक्यावर घातला आणि तसाच जेवायला बसला.

“तूच तीन म्हणालीस,” नवरा म्हणाला.

“चढ मोठा आहे,” मी पर्स टाकत म्हटलं, “अजून तीन लाव.”