संकटाचं खानदान

स्थळासारखं संकटाचंही खानदान बघतात, हे मला मेव्हण्यामुळे कळलं.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. माणसाच्या माहितीत त्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं. नेमकी मेव्हण्याच्या परतीच्या वेळेला त्याला जाग आली. राख येमेन, ओमान ओलांडून पार दिल्लीपर्यंत पोचली, विमानं रद्द झाली आणि हा अबुधाबीत अडकला. ज्वालामुखी तिथून दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे आणि याच्या हातात फुकट जेवणाचं कूपन. तरी सगळ्या आत्या-मावश्यांचे फोन गेले. एकीने तर सत्यनारायण बोलला.

मी जानेवारीत दिल्ली विमानतळावर धुक्यामुळे रात्रभर ताटकळलो, तेव्हा बायको फोनवर एवढंच म्हणाली, ‘‘कानटोपी घातलीय ना?’’

धुक्याला मुळात दराराच नाही. निरभ्र रात्र, पडलेला वारा, गारठलेली जमीन, हवेत ओल, की झालं तयार. ना आवाज, ना ज्वाळा. काचेबाहेर विमानाचं नुसतं शेपूट दिसत होतं. पहाटे तेही गेलं. पन्नास मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला ‘अति दाट’ म्हणतं. तशातही विमान उतरवता येईल अशी यंत्रणा दिल्लीत आहे. फक्त विमान आणि वैमानिक दोघंही त्यात तयार झालेले लागतात. आमचा तयार वैमानिक दुसऱ्या गावी अडकला होता. धुक्यामुळेच.

उलट मेव्हण्याची राख! ‘‘ही चुलीतली राख नव्हे दाजी,’’ तो सांगतो, ‘‘दगडाचा आणि काचेचा भुगा असतो. इंजिनात वितळतो आणि पात्यांवर थिजून बसतो.’’ मग १९८२ साली जावाजवळ एका ब्रिटिश जंबो जेटची चारही इंजिनं राखेने कशी बंद पडली, विमान तरंगत खाली येताना ती पुन्हा कशी धरली, हे तो असं रंगवतो, की खिडकीपाशी हाच बसला होता. त्या साली हा बालवाडीत डबा सांडत होता.

खरं तर आपल्याकडे माणसं मरतात ती धुक्याने. यमुना एक्स्प्रेसवेवर दर हिवाळ्यात गाड्यांवर गाड्या आदळतात. रेल्वेवाले धुक्यात सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके बांधतात. चाकाखाली धडाका झाला की ड्रायव्हर सावध होतो. देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी मात्र अंदमानातल्या बॅरन बेटावर, जिथे माणसांची वस्तीच नाही. पण हे सासुरवाडीच्या पंगतीत कोण ऐकून घेणार?

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. ‘‘ज्वालामुखीचं कौतुक आम्हाला सांगू नकोस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. सह्याद्री त्याचाच, सिंहगड त्याचाच, आणि ही चटणी ज्या पाट्यावर वाटली ना, तो काळा दगडही त्याचाच!’’

पंगत गप्प झाली. मेव्हण्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

‘‘अहो जावईबापू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘एवढी माहिती आहे तर त्या पाट्याला टाकी लावून देणारा कोणी बघा ना. केव्हाचा गुळगुळीत झालाय मेला.’’