चिरंतन उमेदवार

विद्यापीठाच्या आवक-जावक खिडकीपाशी बगलेत फुगलेली फाईल घेऊन उभा असणारा चिरंतन उमेदवार वाचकांच्या परिचयाचाच असल्याने, त्याचे वर्णन टाळून थेट त्याच्या वर्तनाकडे वळणे सोयीचे ठरते. पदभरतीची सूचना वृत्तपत्रात आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध होणे म्हणजे जाहिरात. तिची चाहूल या गृहस्थाला कुलसचिवांच्याही आधी लागते. बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना, तेराव्याला जिलेबी वाढून घेताना, फार काय दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासलेल्या अवस्थेतही तो ‘जाहिरात निघतेय’ एवढे कळवितोच. ती न निघाल्यास दोष रोस्टरचा असतो. रोस्टर, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी हे ठरविणारी बिंदुनामावली, तपासणीसाठी मागासवर्ग कक्षाकडे गेलेली असते आणि त्याच्या माहितीप्रमाणे ती कायम ‘परवाच’ परत आलेली असते.

पात्रतेचा त्याने केलेला पाठलाग अभ्यासनीय आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेत असलेली सेट ही राज्यस्तरीय परीक्षा तो केव्हाच उत्तीर्ण झाला होता. परंतु विद्यापीठीय सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य करणारे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम आले, तेव्हा त्याने पोटाला चिमटा काढून प्रबंध पूर्ण केला, आणि जुलै 2023 मध्ये आयोगाने ती अट काढून राष्ट्रीय स्तरावरील नेट किंवा सेटच पुरेशी ठरविली. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीसाठी त्याने शोधनिबंध लिहिले, तर 2025 मध्ये यादीच रद्द झाली. मधल्या काळात मानधनावरचा प्रकल्प सहायक होऊन त्याने इतरांची सर्वेक्षणे केली आणि पदव्युत्तर पदवीला 55 टक्के असल्याच्या बळावर सहायक कुलसचिवपदासाठीही अर्ज केला. तिथली जाहिरात, अर्थातच, निघून रद्द झाली. पोट चालते ते तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकविलेल्या तासापुरत्या मोबदल्यावर, ज्यात उन्हाळ्याच्या सुट्टीचा एक छदामही नसतो.

अशा माणसाचा कंटाळा यावा हे स्वाभाविकच; तथापि एक गोष्ट नाइलाजाने नोंदवावी लागते. मुदतीच्या शेवटच्या रात्री, संकेतस्थळ बंद पडलेले असताना, कोणाचे जात वैधता प्रमाणपत्र अपलोड होत नाही, कोणाचे गुण चुकीच्या रकान्यात पडले आहेत, हे फोनवरून निस्तरणारा हाच असतो. तो स्वतःच्या प्रतिस्पर्ध्यांचेही अर्ज तितक्याच आस्थेने भरून देतो आणि त्यांतले बरेच जण आज कायम झाले आहेत. त्यांपैकी एक आता छाननी समितीवर, म्हणजे अर्जांची पात्रता तपासणाऱ्या मंडळावर, आहे. अलीकडे त्याने या जुन्या हितचिंतकालाच फोन करून, तासिका तत्त्वावरचा अनुभव पूर्वसेवा म्हणून धरायचा किंवा कसे, अशी पृच्छा केली. उमेदवाराने विनियमांची प्रत उघडून संबंधित कलम सावकाश वाचून दाखविले आणि एकूण वेतन नियमित अध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी असल्यास अशी सेवा धरता येत नाही, असे स्पष्ट मत दिले. त्या समितीपुढे त्याचा स्वतःचाही अर्ज होता.